कयाक, गळ आणि तीनशे मीटरचं जहाज

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा मामेभाऊ एका कंटेनरच्या जहाजाखाली जाता जाता राहिलो. ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही, तेव्हा हा अंक कृपया कोणीही माझ्या आईच्या हातात देऊ नये.

संपादकांनी सांगितलं होतं, "कविता पुष्कळ आल्यात, काहीतरी माहितीपर दे." दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं घरातलं आणि अर्धं लोकलमधलं आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्यांचीच. विषय मात्र माझा आहे: गजबजलेल्या समुद्रात कयाकमधून मासेमारी. आपल्या कॉलेजातले बरेच जण सुट्टीत गोव्याला, मालवणला, अलिबागला जाऊन कयाक भाड्याने घेतात आणि "त्या बोटीपर्यंत जाऊन येऊ" म्हणतात. त्यांच्यासाठी तर हा लेख नक्कीच आहे.

माझं आजोळ उरण तालुक्यात, मोऱ्याला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की समोर येतं तेच मोरा बंदर. मामाची मशीनची होडी आहे. दादाने (मामाच्या मुलाने) गेल्या वर्षी एक जुनी कयाक विकत घेतली. बीचवर वॉटरस्पोर्ट्स चालवणाऱ्या एकाने धंदा बंद करताना स्वस्तात काढली होती. निळी, प्लॅस्टिकची, दोघांना बसता येईल अशी, साधारण चार मीटर लांब. हिच्या आत बसायचं नसतं, वर बसायचं असतं. वर आलेलं पाणी भोकांतून आपोआप खाली जातं. दादाने मागे दोन पीव्हीसी पाइप बसवले, त्यात गळाच्या काठ्या उभ्या राहतात. झाली फिशिंग कयाक!

मासेमारीसाठी ही चीज खरोखर चांगली आहे. डिझेलचा खर्च नाही, मशीनचा आवाज नाही, आणि वीतभर पाण्यातसुद्धा तरंगते. होडी जाऊ शकत नाही अशा खडकांच्या कडेने, खाजणाच्या तोंडाशी जाऊन जिताड्याला गळ लावता येतो. परदेशात हा मोठा छंद आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोक अशाच कयाकमधून बांगड्याच्या जातीचे मासे पकडतात, फिश फाइंडर वगैरे लावून. आमच्याकडे फिश फाइंडर म्हणजे मामा.

आणि मामाने सांगितलं होतं की चॅनेलच्या कडेला मासा असतो. जेएनपीटीला जाणारी मोठी जहाजं मोरा आणि घारापुरी यांच्या मधून जातात. त्यांच्यासाठी समुद्राचा तळ खणून खोल रस्ता केलेला आहे, त्याला चॅनेल म्हणतात. उथळ तळ जिथे एकदम खाली उतरतो तिथे ओहोटीच्या पाण्याबरोबर खाणं वाहत येतं आणि मासा थांबतो. मामाने आणखी एक वाक्य सांगितलं होतं, "पण हिरव्या बॉयाच्या आत जायचं नाय." ते वाक्य दादाने ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, यावर आमच्यात अजून वाद आहे.

सकाळचे आठ वाजले असतील. धुरकट हवा, पाणी गुळगुळीत, ओहोटी जोरात. आम्ही हिरव्या बॉयाच्या पन्नासेक मीटर आत नांगर टाकून बसलो होतो. गळाला कोळंबी लावलेली. एक शिंगाळा मिळाला होता आणि दुसरा येईल या आशेवर होतो. जहाज मला आधी दिसलं. फार दूर होतं, आणि गंमत म्हणजे हलतच नव्हतं. नुसतं मोठं होत होतं.

या "हलत नव्हतं"मध्येच सगळी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते.

दोन वस्तू एकमेकींवर आदळणार असतील तर एकीवरून बघताना दुसरी नेहमी त्याच दिशेला दिसते. हायवेवर बाजूच्या रस्त्याने येणारा ट्रक आपल्या काचेच्या खांबाला चिकटल्यासारखा दिसला की समजावं, चौकात दोघं एकदमच पोचणार. समुद्रावरसुद्धा हेच. जहाज किनाऱ्यावरच्या खुणेच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर ते तुमच्या पुढून किंवा मागून जाईल. सरकत नसेल आणि फक्त वाढत असेल, तर ते तुमच्याकडेच येतंय. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतही (हे १९७७ पासून लागू झाले) ही कसोटी लिहिलेली आहे, आणि वर एक इशाराही आहे: फार मोठं जहाज किंवा फार जवळचं जहाज असेल तर दिशा बदलताना दिसूनसुद्धा धोका राहू शकतो. बरोबरच आहे. तीनशे मीटरच्या जहाजाचं नाक सरकलं म्हणजे शेपूट सरकलं असं नाही.

रात्री तर हे आणखी सोपं आहे. मोठ्या जहाजावर दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. दोन्ही पांढरे एकावर एक उभे दिसले आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट तुमच्या अंगावर येतंय. (रात्री कयाक घेऊन जायचंच नाही, हा भाग वेगळा.)

आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. दादा म्हणाला, "बघितलं असेल त्याने आपल्याला. जाईल बाजूने."

त्याने बघितलं नव्हतं, निदान तेव्हा तरी. आणि बाजूने जायला बाजू नव्हती.

आधी बघण्याचं घेऊ. कंटेनर जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून ते चालवतात ती खोली, बहुतेक वेळा मागच्या भागात असतो. पुढे कंटेनरच्या थप्प्या. त्यामुळे नाकाच्या पुढचं काही अंतर पाणी ब्रिजवरून दिसतच नाही. सोलास नावाच्या करारात यावर मर्यादा घातली आहे: हा न दिसणारा भाग जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे तीनशे मीटरच्या जहाजाला नाकापुढे पाचशे मीटरपर्यंत पाणी न दिसणं हे नियमात बसतं! आपल्या हॉस्टेलच्या गेटपासून मेन बिल्डिंगपर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा. त्या पट्ट्यात शिरलात की ब्रिजवरच्या माणसासाठी तुम्ही नाहीच.

मग रडार? इथे आम्ही ईअँडटीसीवाले पुढे सरसावतो. जहाजाचं एक्स बँड रडार साधारण तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी पडद्यावर दाखवतं. धातू लहरी परत पाठवतो. कयाकचं प्लॅस्टिक मात्र त्या बऱ्याचशा आरपार जाऊ देतं. खाऱ्या पाण्याने भिजलेली दोन माणसं थोडंफार परावर्तन करतात, पण तेवढं तर साध्या लाटासुद्धा करतात. लाटांच्या या गोंधळाला सी क्लटर म्हणतात. तो कमी करायला ऑपरेटर बटण फिरवतो, आणि त्या बटणासरशी लाटांबरोबर आपणही पडद्यावरून पुसले जाऊ शकतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, आयल ऑफ वाइटजवळ, रात्री 'औझो' नावाची छोटी शिडाची बोट गेली. त्यावरच्या तिघांचे मृतदेह समुद्रात सापडले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २००७ मध्ये अहवाल दिला. 'प्राइड ऑफ बिल्बाओ' या मोठ्या प्रवासी फेरीने तिला धडक दिली, किंवा ती इतक्या जवळून गेली की तिच्या लाटांनी बोट बुडाली, हे जवळजवळ नक्की असल्याचं त्यात म्हटलं आहे. फेरीच्या रडारवर बोट दिसली नव्हती. बोटीवर रडार रिफ्लेक्टर होता, पण तो फारसा उपयोगाचा नव्हता. तिघेही अनुभवी होते आणि लाइफ जॅकेट घालून होते. त्यांची बोट आमच्या कयाकच्या जवळजवळ दुप्पट लांब होती आणि तिच्यावर उंच डोलकाठी होती. आमच्यावर काय होतं? दोन पीव्हीसी पाइप.

आता थांबण्याचं. मोठ्या जहाजांच्या चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा निकष असा आहे की चाचणीच्या पूर्ण वेगात असताना इंजिन पूर्ण उलटं फिरवलं तर जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पटींत थांबलं पाहिजे. तीनशे गुणिले पंधरा म्हणजे साडेचार किलोमीटर. अतिशय अवजड जहाजांना त्याहून थोडी जास्त सूट आहे. बंदरात शिरताना वेग कमी असतो, पायलट असतो, टग असतात, त्यामुळे अंतर बरंच घटतं. पण चॅनेलमध्ये त्याला वळता येत नाही. त्याचा तळ पाण्याखाली दहा-बारा मीटर, कधी त्याहूनही खोल असतो, आणि बॉयाच्या पलीकडे तेवढं पाणीच नसतं. वळला की रुतला. मामाने नंतर एका शब्दात सांगितलं, "ती रेल्वे हाय."

त्यातून वेग फसवतो. दहा नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. हे ऐकून आपल्याला हसू येतं, सायकलवरसुद्धा एवढा वेग निघतो. पण हिशेब मांडून बघा. समजा चॅनेल चारशे मीटर रुंद आहे. दोघांनी नीट वल्हं मारलं तर कयाक तीन नॉटने जाते, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. चॅनेल ओलांडायला साडेचार मिनिटं. तेवढ्यात दहा नॉटचं जहाज जवळजवळ चौदाशे मीटर पुढे येतं. म्हणजे तुम्ही निघताना जे जहाज दीड किलोमीटरवर "लांब आहे की" वाटत होतं, ते तुम्ही पलीकडे पोचता पोचता तुमच्या पाठीशी. बाहेर खुल्या समुद्रात ते वीस नॉटने येत असेल तर दुप्पट. शिवाय ओहोटी. ती दोन नॉटची धरली तर त्याच साडेचार मिनिटांत तुम्हाला पावणेतीनशे मीटर बाजूला नेऊन ठेवते. तुम्ही नाक जिकडे ठेवता तिकडे कयाक जात नाही, बरं का.

आणि आम्ही तर वल्हंसुद्धा मारत नव्हतो. आम्ही बांधलेले होतो.

जहाजाने भोंगा दिला. छोटे छोटे, पाच वेळा. मला वाटलं ड्रायव्हर चिडला. पाच किंवा जास्त तुटक भोंगे म्हणजे "तुमचा इरादा कळत नाही, किंवा टक्कर टाळायला तुम्ही पुरेसं करताय असं वाटत नाही", हा अर्थ नंतर कळला. अर्थ माहीत नसला तरी आवाज पोटात जातो. दादाने नांगर ओढला. नांगर चिखलात बसला होता आणि ओहोटी दोर ताणून धरत होती. त्याने जोर लावला तशी कयाक त्या बाजूला कलली आणि पाणी आत आलं. नांगर त्याने कयाकच्या मधल्या कडीला बांधला होता. ही पहिली चूक. नांगर नेहमी नाकाला किंवा शेपटाला असावा, म्हणजे कयाक प्रवाहाच्या रेषेत राहते. मध्ये बांधला की ती आडवी येते आणि उलटायला बघते. दुसरी चूक गाठ. नांगराचा दोर एका झटक्यात सुटला पाहिजे. जाणते लोक दोराच्या टोकाला छोटा फ्लोट लावतात, तो नांगरासकट सोडून द्यायचा आणि नंतर येऊन उचलायचा.

आमच्याकडे फ्लोट नव्हता. कोळंबी कापायची सुरी होती. तिने दोर कापायला किती वेळ लागला कोण जाणे, मला तो एका सेमिस्टरएवढा वाटला. मग आम्ही हिरव्या बॉयाकडे जे वल्हवत सुटलो! मी मागे बघितलं नाही. बॉयाच्या बाहेर आल्यावर बघितलं तेव्हा लाल-काळी भिंत बाजूने जात होती, आणि ती संपेच ना. वर कोणीतरी रेलिंगला उभं होतं. त्याने हात केला. निरोपाचा की शिव्यांचा, कळलं नाही.

आपण वाचलो असं वाटण्याचा क्षण हाच सगळ्यात वाईट, कारण लाट नंतर येते. जहाज पुढे गेल्यावर त्याची लाट उथळ पाण्यात चढते आणि उभी होते. आम्ही तिला आडवे होतो. नाक लाटेकडे ठेवायला हवं होतं. कयाक कलली आणि दादा पाण्यात. त्याचं लाइफ जॅकेट मागे इलास्टिकने बांधून ठेवलेलं होतं, "गरम होतं" म्हणून. पोहायला येतं त्याला, मोऱ्याचा मुलगा आहे. पण ओहोटी माणसाला नेते त्यापेक्षा रिकामी कयाक वाऱ्याने वेगळीच पळते, आणि दोघांतलं अंतर वाढत जातं. मी वल्हं पुढे केलं आणि त्याने टोक पकडलं. मी बसून राहिले म्हणून कयाक तिथे राहिली. मीही पडले असते तर?

किनाऱ्यावर मामा उभा होता. त्याने होडीवरून सगळं पाहिलं होतं. दादाला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मला म्हणाला, "बाय, त्याला तू दिसतच नाय. तुला तो दिसतो ना? मग हलायचं कुणी?"

मी हॉस्टेलवर आल्यावर नियम वाचले, खरं सांगायचं तर मामाला चुकीचं ठरवता येईल या आशेने. कुठेतरी ऐकलं होतं की शिडाच्या आणि मासेमारीच्या बोटींना मोठ्या जहाजांनी वाट द्यायची असते. अर्धं खरं आहे. नियम १८ तसं म्हणतो. पण मासेमारी करणारं जहाज कोणतं? ज्याच्या जाळ्यामुळे किंवा दोरांमुळे त्याला नीट वळता येत नाही ते. चालत्या बोटीमागे गळ ओढणं यात धरत नाहीत, आणि दोन काठ्या लावून बसलेली कयाक या व्याख्येत बसेलच असं नाही. शिवाय त्याच्या आधी नियम ९ आहे: अरुंद चॅनेलमध्ये वीस मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, आणि मासेमारी करणाऱ्यानेही कोणाची अडवायची नाही. म्हणजे आम्ही दोन्हीकडून चूक. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या बंदरात तर याहून स्पष्ट आहे. तिथे दीडशे मीटरहून लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर असा चालता निषिद्ध पट्टा धरतात, आणि लहान बोटींनी त्यात शिरायचंच नाही. जहाज आपल्याबरोबर स्वतःची लक्ष्मणरेषा घेऊन फिरतं असं समजा.

यावर कोणी म्हणेल, मग बॉयाच्या बाहेर राहिलं की झालं. मोठ्या जहाजांपुरतं हो, आणि कयाकची खरी ताकद तीच आहे. आपल्याला वीतभर पाणी पुरतं, त्याला दहा-पंधरा मीटर लागतं. उथळ पाण्यात ते येऊच शकत नाही. पण लाँच, टग, ट्रॉलर, स्पीडबोटी कुठेही येतात. मला आता त्यांचीच जास्त भीती वाटते. वेगात असताना स्पीडबोटीचं नाक वर उचललं जातं आणि चालवणाऱ्याला समोरचं कमी दिसतं. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. ती भर दुपार होती आणि फेरीबोट काही लहान नव्हती. आणि ७ ऑगस्ट २०१० ला तर बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन मोठी जहाजंच एकमेकांना धडकली, कंटेनर पाण्यात पडले आणि चॅनेल काही दिवस बंद ठेवावा लागला. त्यांच्याकडे रडार होतं.

म्हणून दिसण्यासाठी जे करता येईल ते करायचं. भडक नारिंगी किंवा पिवळे कपडे. निळ्या समुद्रात निळी कयाक घेणाऱ्याला काय म्हणावं! डोक्याच्या वर जाईल एवढ्या काठीवर झेंडा, कारण बसलेला माणूस लाटेमागे सहज लपतो. शिट्टी गळ्यात. पहाटे किंवा संध्याकाळी अडकलात तर पांढरा टॉर्च हाताशी हवा. वल्ह्याच्या बोटीने तो वेळेवर दाखवला तरी नियमाला चालतं. फोन पाण्यापासून सुरक्षित पाऊचमध्ये, अंगावर. कयाकवर ठेवलेला फोन कयाकबरोबर जातो. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. आणि लाइफ जॅकेट घातलेलं. बांधून ठेवलेलं नव्हे.

राहिला रडार रिफ्लेक्टर. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडले की कोपरा तयार होतो, आणि त्यात शिरलेली लहर तीन उड्या मारून आली त्याच दिशेला परत जाते. त्याचं रडारला दिसणारं क्षेत्रफळ काढायचं सूत्र तिसऱ्या वर्षाच्या लोकांना आठवत असेल: चार पाय गुणिले कडेचा चौथा घात, भागिले तरंगलांबीच्या वर्गाची तिप्पट. कड १५ सेंटिमीटर धरली तर उत्तर साधारण दोन चौरस मीटर येतं. कड दुप्पट, म्हणजे ३० केली तर चौथ्या घातामुळे सोळा पट, तेहतीसच्या आसपास! पण ३० सेंटिमीटरचा पत्र्याचा पतंग कयाकवर उभा केला तर वाऱ्याने आपणच उलटणार. शिवाय काटकोन थोडा जरी चुकला तरी परत जाणारी लहर विखुरते आणि सगळं गणित फुकट जातं. पाण्याला जवळ ठेवला तर लाटांमागे लपतो, उंच ठेवला तर कयाक डुलते. इंजिनिअरिंग म्हणजे काय हे मला या एका वस्तूने जेवढं कळलं तेवढं दोन वर्षांत कळलं नव्हतं.

तरी मी बनवला. वर्कशॉपच्या सरांनी शीट मेटल शॉपमधला उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा दिला आणि "कशासाठी?" विचारलं. मी "प्रोजेक्ट" म्हटलं. आठ कोपऱ्यांचा, १५ सेंटिमीटरचा. पहिल्याचे काटकोन ८७ अंश आले, सरांनी तो हातात फिरवला आणि परत दिला. दुसरा बरा आहे. सध्या तो आमच्या रूममध्ये खिडकीच्या गजाला टांगलाय आणि रूममेट त्यावर सॉक्स वाळत घालते. मे महिन्यात मोऱ्याला नेणार आहे. दादाने तोवर कयाकचा नांगर नाकाकडे घेतलाय म्हणे, आणि फ्लोटसाठी पाच लिटरचा तेलाचा कॅन शोधून ठेवलाय. जुना नांगर अजून तिथेच आहे, हिरव्या बॉयाच्या आत.